चाळिशीत अ‍ॅडेनॉइड? कानाला दडा आणि नाकात दुर्बीण

पर्वती_पायथा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

वय ४४. दिवाळीत सर्दी झाली, ती गेली, पण डाव्या कानाला बसलेला दडा काही सुटेना. बोललो की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, घमेलं पालथं घालून बोलल्यासारखा. कान दुखत नाही, वाहत नाही. फॅमिली डॉक्टरांनी आधी मळ म्हणून थेंब दिले, मग गोळ्या. सासूबाईंनी लसणीचं तेल कोमट करून घातलं. दोन महिने असेच गेले.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. कानात फुगा दाबून कसलासा आलेख काढला. तो उजव्या कानाचा डोंगरासारखा आला आणि डाव्याचा सपाट. म्हणाले, पडद्याच्या मागे पाणी आहे. मला वाटलं, आता गोळ्या देऊन सोडतील. तर त्यांनी नाकात कापूस घातला, दहा मिनिटं बसवून ठेवलं आणि दुर्बीण आत सारली. स्क्रीनवर मलाही दाखवलं. नाकाच्या पार मागे, पडजिभेच्या वर, गुलाबी उंचवटा, डावीकडे जरा जास्तच. ते म्हणाले, "अ‍ॅडेनॉइडसारखं दिसतंय. पण या वयात इतकं असायला नको." हातात एमआरआय आणि बायोप्सीची चिठ्ठी.

प्रश्न दोनच. मोठ्या माणसाला अ‍ॅडेनॉइड असतात का? आणि नाकात मारायचा स्प्रे तीन महिने घेऊन पाहण्याऐवजी थेट तुकडा काढायची एवढी घाई कशाला? आई तर म्हणतेय, गाठीला हात लावला की ती पसरते.

खडीसाखर

आधी ते लसणीचं तेल बंद करा.

सदाशिव_पूर्व

पुण्यात ज्याला नाक आहे त्याला सर्दी आहे. आधी मेट्रोने खणलं, आता उरलेलं बाकीचे खणतायत. धुळीत भर म्हणून आपलं लाडकं गाजर गवत, ज्याची देशातली पहिली नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली. (आपण कशात पहिले नाही, सांगा.) या सगळ्यावर नाकात थोडं मांस वाढलं तर नवल काय?

डॉक्टरांनी दुर्बीण विकत घेतली आहे, हप्ते सुरू आहेत, तेव्हा ती कुणाच्या तरी नाकात जाणारच. तीन महिने वाफ घ्या, जलनेती करा, मग बघा.

चकली_कुरकुरीत

काका, १ ते ४ जलनेती बंद ना? हलके घ्या.

कानाकोपरा

मी याच शाखेत काम करते. इथे कुणाला औषध सांगणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून लिहिते.

अ‍ॅडेनॉइड ही टॉन्सिलच्याच जातीची लसिका पेशींची गादी, नाकाच्या मागच्या छताला चिकटलेली. लहानपणी ती फुगते, साधारण शाळेच्या पहिल्या वर्षांत सगळ्यात मोठी असते, आणि वयात येईपर्यंत आक्रसत जाते. त्यामुळे चाळिशीत ती भरीव दिसली की आम्ही थबकतो. ती नसतेच असं नाही. काहींची राहून जाते, काहींची ॲलर्जी, सिगरेट किंवा सततच्या संसर्गाने पुन्हा वाढते. पण "असू शकते" आणि "तीच आहे" यांच्यामध्ये एक पायरी आहे. ती पायरी नुसत्या डोळ्यांनी चढता येत नाही.

कानाचा संबंध असा. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला हवा पुरवणारी नळी याच जागेत, बाजूच्या भिंतीवर उघडते. तोंडाशी काही वाढलं की नळी बंद, आतली हवा शोषली जाते आणि पोकळीत पाणी झिरपतं. तुमचा सपाट आलेख म्हणजे तेच पाणी. मुलांमध्ये हे रोजचं आहे. मोठ्यांमध्येही सर्दीनंतर किंवा विमान प्रवासानंतर होतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात आठवडेच्या आठवडे पाणी राहिलं, तर नाकाच्या मागे न बघता त्याला परत पाठवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कारण त्या नळीच्या तोंडामागे एक खोलगट कोपरा असतो आणि या जागेचा कर्करोग बहुधा तिथूनच सुरू होतो. तो दुखत नाही आणि बाहेरून दिसतही नाही.

घाबरवायला लिहीत नाही. पुण्यात अशा दहा रुग्णांत तो निघेलच असं नाही, आपल्याकडे तो मुळात कमीच आढळतो. पण नाही हे सिद्ध करायला बघावं लागतं.

सदाशिव_पूर्व

कानाकोपराताई, दुर्बिणीच्या हप्त्यांबद्दल मौन पाळलंत त्याची नोंद घेतली आहे.

कानाकोपरा

काका, माझे फिटले. :)

निळीशाई

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या बाबांची गोष्ट लिहिते. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

बाबा तेव्हा ५८ चे. उजवा कान बंद. एका ठिकाणी मळ काढला, दुसरीकडे वयोमानाने ऐकू कमी येतं म्हणून यंत्र सुचवलं. आम्ही यंत्रही घेतलं! सकाळी खाकरताना कफात कधीतरी लाल रेघ यायची. बाबा म्हणायचे, उष्णता झाली, गुलकंद दे. नाकातून असं रक्त कधी आलं नाही, मागून घशात उतरायचं, म्हणून आम्हाला ते नाकाचं वाटलंच नाही. सात-आठ महिने गेले. मग एक दिवस दाढी करताना त्यांना कानाच्या खाली, मानेच्या बाजूला गाठ लागली. सुपारीएवढी, दाबली तरी न दुखणारी.

त्या गाठीतून सुईने पाणी काढून तपासलं, तिथे पहिल्यांदा तो शब्द आला. आणि गाठ मानेत, पण मूळ शोधायला डॉक्टर गेले नाकात. छोटीशी गोष्ट होती मागे, बोराएवढी. कान, कफ, गाठ, तिन्हींचं मूळ एकच.

बाबा आज ६५ चे आहेत. ऑपरेशन झालंच नाही. त्या जागी सुरी पोचणं अवघड आणि हा रोग किरणांना चांगला दाद देतो, म्हणून रेडिएशन, सोबत केमो. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली सतत जवळ लागते, भाकरी आमटीत कुस्करून खातात. बाकी रोज तळजाई चढतात.

पर्वती_पायथा, तुमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दुर्बीण घातली. आमच्याकडे ती आठ महिन्यांनी घातली गेली. मला घाई कुठे दिसत नाही.

पर्वती_पायथा

निळीशाई, वाचून हात मानेकडे गेला. तासाभरात चार वेळा चाचपली. काही लागत नाही, निदान मला तरी.

खडीसाखर

मी पण चाचपली. मला दोन लागल्या. दोन्ही बाजूला सारख्या. मग कळलं, तो जबड्याचा भाग आहे.

डोंगरवाट

नोकरीनिमित्त चार वर्षं दिमापूरला होतो. आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाच्या कॅन्सरची जशी घरटी चर्चा, तशी तिकडे या नाकामागच्या कॅन्सरची. नागालँड-मणिपूरकडे तो उरलेल्या भारताच्या मानाने कितीतरी जास्त आहे. दक्षिण चीन आणि हाँगकाँगकडेही तसाच. मीठ लावून मुरवलेल्या तिकडच्या माशांचा संबंध सांगतात, धुराचा सांगतात, आणि एका विषाणूचा तर नक्कीच.

पुण्यात परतल्यावर माझा कान बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गाव कुठलं, राहिलात कुठे. मला वाटलं गप्पा मारतायत. (निघालं काही नाही. नाकाचं हाड वाकडं होतं.)

कानाकोपरा

डोंगरवाट, तो विषाणू म्हणजे एपस्टीन-बार. १९६४ मध्ये सापडला, दुसऱ्याच एका गाठीत. गंमत अशी की जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतोच, कधीतरी येऊन गेलेला. त्यामुळे "माझ्या रक्तात त्याच्या अँटिबॉडी निघाल्या" म्हणून कुणी झोप उडवून घेऊ नये. रक्तातला त्याचा डीएनए मोजतात तो वेगळा, आणि तोही तुकड्याच्या तपासणीची जागा घेत नाही.

मोरपंखी_माई

आमच्या भाच्याला, वय १५, सारखा घोळणा फुटायचा. साधा नाही, टॉवेल भिजायचा. एकच नाकपुडी बंद. घरच्यांनी कांदा हुंगवला, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. डॉक्टरांनी दुर्बिणीतून मागे गोळा पाहिला, पण तुकडा काढायला साफ नकार दिला. आधी रंग सोडून सीटी, मग रक्तवाहिन्या बंद करून थेट ऑपरेशन. तेव्हा वाटलं, इतरांच्या तर लगेच बायोप्सी करतात, याची का नाही?

कानाकोपरा

माई, शाबास त्या डॉक्टरांची. वयात येणाऱ्या मुलांमध्ये, जवळपास फक्त मुलग्यांमध्येच, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली एक गाठ होते. ती कर्करोग नाही, पण ओपीडीत चिमटा लावला तर रक्त आवरणं कठीण. म्हणून तिथे चित्रांवरूनच निदान करतात.

चकली_कुरकुरीत

अवांतर: आमच्या ऑफिसातला एक जण इतका घोरतो की हिंजवडीच्या बसमध्ये मागचा माणूस त्याला पाठीत टोचतो. त्याच्या नाकात पॉलिप निघाला, गालाच्या पोकळीतून उगवून थेट मागे घशाकडे लोंबणारा, द्राक्षासारखा. काढल्यावर घोरणं कमी झालं. आता तो बसमध्ये बोलतो. बसने सामूहिक मागणी केली आहे की पॉलिप परत बसवा.

सदाशिव_पूर्व

हा किस्सा खोटा असला तरी चालेल.

अर्धविराम

मायग्रेनसाठी डोक्याचा एमआरआय केला. डोक्यात काही नाही (बायकोला आधीच शंका होती), पण रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ: नाकाच्या मागे, बरोबर मधोमध, दहा मिलिमीटरची सिस्ट. शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट हातात, डॉक्टर सोमवारी. ते दोन दिवस मी मृत्युपत्रापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं ठरवून टाकलं. मुलगी सहावीत आहे.

सोमवारी डॉक्टर हसले. थॉर्नवाल्ट सिस्ट म्हणे. जन्मापासूनचा कप्पा, मधोमध असतो, गुळगुळीत असतो, त्रास नसेल तर हात लावायचा नाही. तेव्हापासून मी रिपोर्ट स्वतः वाचत नाही, पाकीट बंदच देतो.

पर्वती_पायथा

अर्धविराम, माझी पाळी आता आलीय. काल एमआरआय झाला, पाकीट फोडलं. लिहिलंय: मागे मऊ उतींची जाडी वाढलेली, डावीकडे अधिक, हाडाला धक्का नाही, मानेत लहान गाठी, "क्लिनिकल तपासणीशी ताडून पहावे". सगळी जबाबदारी परत आमच्याच गळ्यात. हाडाला धक्का नाही तर मग बायोप्सी टाळता येईल ना?

कानाकोपरा

तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण ढोबळ सांगते. एमआरआय सांगतो की गोष्ट किती मोठी आहे आणि कुठवर गेली आहे. ती काय आहे, हे नेहमी सांगत नाही. अ‍ॅडेनॉइड बहुधा मधोमध, दोन्हीकडे सारखी आणि उभ्या पट्ट्या असलेली दिसते. एका बाजूला झुकलेली असेल तर खात्री करायची. त्याच गुलाबी उंचवट्याच्या मागे लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) असू शकतो, टीबी असू शकतो, साधी सूज असू शकते. दुर्बिणीतून हे सगळे भाऊ-भाऊ दिसतात.

पसरण्याबद्दल: आपल्याकडे फार घट्ट बसलेली समजूत आहे ही. होतं असं की माणूस उशिरा येतो, तुकडा काढतात, निदान होतं, पुढे रोग वाढतो, आणि दोष तुकड्याला लागतो. या जागेची बायोप्सी त्यासाठी थांबवत नाहीत. उलट मानेतली मोठी गाठ कुणी घाईने आधीच कापून काढली, मूळ न शोधता, तर पुढचा उपचार अवघड होतो. पर्वती_पायथा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा, तेवढं विसरू नका.

सिंहगड_पॅसेंजर

टीबीचा उल्लेख आला म्हणून. माझ्या बहिणीच्या सासूबाई. हेच सगळं, कान बंद, मागे वाढ, मानेत गाठी. घरात स्मशानशांतता. तुकड्यात टीबी निघाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सरकारी केंद्रातून फुकट गोळ्या, सहा महिने, आता ठणठणीत. टीबी निघाला म्हणून पेढे वाटणारं घर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जुनी_पाटी

इतिहासाची आवड म्हणून भर. अ‍ॅडेनॉइड हे प्रकरण जगासमोर नीट आणलं ते कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी, १८६८ मध्ये. त्याआधी ही मुलं "मंद" समजली जायची. तोंड उघडं, ऐकू कमी, अभ्यासात लक्ष नाही. मेयर यांनी नाकामागे बोट घालून चाचपलं. दुर्बिणी कुठे होत्या?

माझ्या लहानपणी, लक्ष्मी रोडजवळच्या एका दवाखान्यात, डॉक्टर एक चिमुकला आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायचे, वाफ धरू नये म्हणून. मग गालाला लावून बघायचे फार तापला नाही ना, आणि तो पडजिभेच्या मागे. मला लगेच उमासा. सगळं बघून झाल्यावर म्हणायचे, "आता आइस्क्रीम." आई म्हणायची, "घशाला?" ते म्हणायचे, "माझ्यासाठी."

खडीसाखर

जुनी_पाटी, ते टॉन्सिल काढल्यावर आइस्क्रीम देतात ते खरं की खोटं? मला आईने पियुष दिलं होतं.

चकली_कुरकुरीत

पियुष हे सदाशिव पेठेत आइस्क्रीमच धरतात.

सदाशिव_पूर्व

आमच्या पेठेला मध्ये ओढू नये.

बरं, एक सांगतो. निळीशाईच्या बाबांचं वाचून माझा पहिला प्रतिसाद मलाच बरा वाटेना. संपादन करणार नाही, लिहिलं ते लिहिलं. पण वाफेचा सल्ला मागे घेतो. जलनेतीचा नाही.

पर्वती_पायथा

उशीर झाला, माफी असावी. बरेच व्यक्तिगत निरोप आले, म्हणून इथेच सगळं लिहितो.

बायोप्सी झाली. पूर्ण भूल देऊन, सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. दोन-तीन जागचे तुकडे घेतले, त्या खोलगट कोपऱ्यातलाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी रोग वरच्या आवरणाखाली असतो, वरवरचा तुकडा चकवतो, म्हणून खोल घ्यायचा. त्याच वेळी कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढलं. मधासारखं चिकट होतं म्हणे. शुद्धीवर आलो तेव्हा नर्स बाजूला कुणाशी तरी डब्याबद्दल बोलत होती आणि मला डाव्या कानाने स्पष्ट ऐकू आलं, "भेंडी आहे." दोन महिन्यांत ऐकलेला तो पहिला स्वच्छ शब्द.

एक गोष्ट इथे लिहू की नको असं झालं, पण लिहितो. रक्ततपासणीत एचआयव्हीही लिहिली होती. मी चिडलो. डॉक्टर शांतपणे म्हणाले, मोठ्या माणसाची अ‍ॅडेनॉइड नव्याने फुगली की आम्ही ती करतोच, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बायकोला सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. ती म्हणाली, "करून टाक, मीही करते." संपला विषय. दोघांचीही निगेटिव्ह आली.

तुकड्याचा रिपोर्ट पाच दिवसांनी येणार होता. पाचव्या दिवशी फोन आला की अजून काही रंग लावून बघायचेत, आठवडा लागेल. तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. रात्री अडीचला पर्वतीच्या पायऱ्या मोजायचो, झोपूनच. १०३. त्याच्या पुढे झोप येत नव्हती.

रिपोर्ट: लसिका ऊतींची प्रतिक्रियात्मक वाढ. लिम्फोमा नाही, कर्करोग नाही, टीबी नाही. म्हणजे अ‍ॅडेनॉइडच. रोजच्या आठ सिगरेटी आणि ॲलर्जी यांचा हात असावा असं डॉक्टरांचं मत. स्प्रे आता सुरू झालाय, तुकड्यानंतर. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण, आणि कानात पुन्हा पाणी भरलं तर त्याआधीच. आईला रिपोर्ट वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, हात लावला तरी पसरलं नाही. नशीब."

निळीशाई

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, त्याला सांग, तीन महिन्यांनी खरंच जा. बरं वाटलं की लोक जात नाहीत.

कानाकोपरा

+१ बाबांना. आणि सिगरेटचं काय?

पर्वती_पायथा

आठाच्या तीनवर आलोय.

खडीसाखर

बायकोने हा धागा वाचला तर शून्यावर याल.

सदाशिव_पूर्व

मी जाऊन आलो. ते कानाचं तपासून. सहज. दोन्हीकडे डोंगर.

चकली_कुरकुरीत

काका, दुर्बीण घातली की नाही?

सदाशिव_पूर्व

घातली. एक हप्ता माझ्याकडून.

नवखा_०७

नमस्कार, नवीन सभासद. माझा उजवा कान तीन आठवडे बंद आहे, लोणावळ्याहून उतरल्यापासून. काय करू?

कानाकोपरा

लसणीचं तेल घालू नका. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि पडदा बघून सोडू लागले तर विचारा: नाकाच्या मागे बघता का?